जुन्या डेस्कटॉपला कार्ड लावून एनव्हीएमई एसएसडी कशी बसवायची

लॅमिंग्टन रोडवरून नाहीतर पुण्यात बुधवार पेठेतून घेतलेला रिफर्बिश्ड ऑफिस पीसी आज कितीतरी घरांत, झेरॉक्सच्या दुकानांत, क्लासेसमध्ये चालू आहे. बहुतेक चौथ्या जनरेशनचा आय५ असतो, आठ जीबी रॅम असते, प्रोसेसर एकदम ठणठणीत असतो, पण मदरबोर्ड २०१३-१४ च्या सुमाराचा असल्यामुळे त्यावर एम.२ चा, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी थेट बसवायचा, स्लॉटच नसतो आणि मग दुकानदार सांगतो की आता नवीन मशीन घ्या. नवीन मशीन घ्यायच्या आधी कॅबिनेट उघडून बघा, ग्राफिक्स कार्डच्या लांब स्लॉटशेजारी एखादा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट वर्षानुवर्षं रिकामा पडलेला असतो. त्यात काही शे रुपयांचं एक साधं ॲडॉप्टर कार्ड बसवलं की आजची एनव्हीएमई, म्हणजे पीसीआय एक्सप्रेसवरून चालणारी वेगवान एसएसडी त्या मशीनवर मस्त चालते. फक्त पैसे टाकायच्या आधी दोन गोष्टी तपासायच्या, एक म्हणजे स्लॉटमध्ये लेन, म्हणजे डेटा जायचे रस्ते, किती आहेत आणि दुसरी म्हणजे मशीन त्या ड्राइव्हवरून बूट, म्हणजे चालू, होईल का. ज्यांचे पैसे वाया जातात त्यांचे बहुतेक याच दोन ठिकाणी जातात, म्हणून या लेखात त्यांनाच जास्त जागा दिलीय.

तुम्हाला खरंच एनव्हीएमई हवीय का

सध्या मशीन फिरत्या हार्ड डिस्कवर चालत असेल तर कुठलीही एसएसडी लावा, फरक जमीन-अस्मानाचा पडेल. साधी साटा, म्हणजे हार्ड डिस्कसारखी केबलने जोडायची, एसएसडी सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास वाचते, एनव्हीएमई साडेतीन हजार किंवा त्याहून जास्त, पण टॅली, एक्सेल, ब्राउझर, मुलांचा अभ्यास एवढ्यासाठी तो फरक हाताला फारसा जाणवत नाही. कारण या कामात बारीक बारीक फायली उचलाव्या लागतात आणि तिथे दोन्ही एसएसडी हार्ड डिस्कच्या खूपच पुढे असतात. तेव्हा साटाचा पोर्ट रिकामा असेल आणि काम साधं असेल तर सरळ अडीच इंची साटा एसएसडी घ्या.

कार्डाचा खटाटोप कोणी करावा? ज्यांचे साटा पोर्ट भरलेत त्यांनी, छोट्या ऑफिस मशीनमध्ये दोन-तीनच पोर्ट असतात आणि हार्ड डिस्क, डीव्हीडी लावली की संपले. लग्नाचे अल्बम करणारे, व्हिडिओ कापणारे, मोठमोठ्या पीएसडी फायली उघडणारे, यांनीही. आणि ज्यांना वर्ष-दोन वर्षांत नवीन मशीन घ्यायचंच आहे त्यांनी तर नक्कीच, कारण तीच एसएसडी उद्या नव्या बोर्डवर थेट बसते.

स्लॉट ओळखा

पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट म्हणजे लेनचा हिशोब. २.० या पिढीत एका लेनमधून सेकंदाला ५०० एमबी जातात, ३.० मध्ये साधारण ९८५ आणि ४.० मध्ये त्याच्या दुप्पट. एनव्हीएमई ड्राइव्ह चार लेन वापरतो. म्हणजे २.० च्या चार लेनवर कागदोपत्री २ जीबी, प्रत्यक्षात दीड हजार एमबीच्या थोडं वर, आणि ३.० च्या चार लेनवर साडेतीन हजारांपर्यंत.

आता गोम अशी की स्लॉटची लांबी आणि आतल्या लेन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकदम छोटा स्लॉट असतो तो एक्स१, तिथे एकच लेन. सगळ्यात लांब तो एक्स१६. पण बऱ्याच बोर्डांवर दुसरा स्लॉट दिसायला एक्स१६ एवढाच लांब असतो आणि आत फक्त चारच लेन जोडलेल्या असतात. टॉर्च मारून स्लॉटच्या आत तिरकं बघा, सोनेरी पिना पूर्ण लांबीभर आहेत की पहिल्या थोड्याच भागात आहेत ते दिसतं. नाहीतर बोर्डवर स्लॉटजवळ बारीक अक्षरात छापलेलं असतं, आणि सगळ्यात खात्रीचं म्हणजे मॉडेल नंबर बघून कंपनीच्या साइटवरून मॅन्युअल उतरवा. तेवढी दहा मिनिटं द्याच.

चार लेनवाला दुसरा स्लॉट असेल तर आपलं काम झालं. त्या काळच्या इंटेल बोर्डांवर हा स्लॉट चिपसेटकडून, म्हणजे बोर्डवरच्या मदतनीस चिपकडून, येतो आणि २.० वरच चालतो, शिवाय चिपसेट ते प्रोसेसर हा रस्ताही साधारण २ जीबीचाच, आणि त्याच रस्त्यावरून साटा, यूएसबी, लॅन सगळेच जातात. तरीही साटा एसएसडीच्या जवळजवळ तिप्पट वेग मिळतो.

ग्राफिक्स कार्ड नसेल आणि डिस्प्ले बोर्डवरूनच घेत असाल तर मुख्य एक्स१६ स्लॉटमध्येच ॲडॉप्टर लावा, कारण तो थेट प्रोसेसरला जोडलेला असतो. बी८५, क्यू८७ अशा चिपसेटच्या बोर्डांवर तो ३.० वर चालतो. पण एच८१ वर हाच स्लॉट २.० वर अडकवलेला आहे, प्रोसेसर कितीही चांगला टाका. एच६१ च्या बोर्डांवर सेकंड जनरेशनचा प्रोसेसर असेल तर २.० आणि थर्ड जनरेशनचा असेल तर बऱ्याच बोर्डांवर ३.० मिळतं. मुख्य स्लॉट वापरताना बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये, प्रायमरी डिस्प्ले ऑटोवर न ठेवता ऑनबोर्ड करून ठेवा म्हणजे बोर्ड त्या कार्डालाच ग्राफिक्स समजून स्क्रीन काळी ठेवणार नाही.

आणि फक्त एक्स१ स्लॉट रिकामा असेल तर? एक्स१ चे ॲडॉप्टर मिळतात, चालतातही, पण २.० च्या एका लेनवर हातात चारशे एमबीच्या आसपास पडतात, म्हणजे साटापेक्षा कमी. साटाचा एकही पोर्ट शिल्लक नसेल तरच हा मार्ग धरा.

कार्ड आणि ड्राइव्ह घेताना

एका ड्राइव्हचं ॲडॉप्टर म्हणजे अगदी साधी वस्तू आहे, त्यावर कंट्रोलर चिप नसते, स्लॉटच्या लेन सरळ ड्राइव्हच्या पिनांना नेऊन जोडलेल्या असतात, म्हणून महागडं कार्ड घेऊन वेग वाढत नाही. बघायचं ते एवढंच की कार्ड एक्स४ चं हवं, सोबत स्क्रू आणि स्टँडऑफ (ड्राइव्ह टेकवायचा छोटा खांब) हवेत, आणि तुमचं कॅबिनेट बारीक असेल, ज्याला एसएफएफ म्हणतात ते, तर अर्ध्या उंचीची पट्टी सोबत हवी. ही पट्टी नसेल तर कार्ड आत बसेल पण मागे स्क्रू लागणार नाही आणि कार्ड डुगडुगत राहील.

दोन किंवा चार ड्राइव्हची कार्डं स्वस्तात दिसतात त्यांच्या वाटेला जाऊ नका. एका एक्स१६ स्लॉटच्या लेन चार-चारच्या गटात वाटून द्यायची सोय बोर्डच्या बायोसमध्ये लागते, तिला बायफर्केशन म्हणतात, आणि या जुन्या ऑफिस बोर्डांवर ती जवळपास कधीच नसते. सोय नसताना असं कार्ड लावलं तर एकच ड्राइव्ह दिसतो. ज्या कार्डांवर स्वतःची स्विच चिप असते ती चालतात, पण तेवढ्या पैशात दुसरा जुना पीसी येईल.

ड्राइव्ह घेताना एम.२ एवढं एकच वाचून घेऊ नका. एम.२ हा फक्त आकार आहे, त्यात साटावाले पण येतात आणि एनव्हीएमई पण. खाच बघा. दोन खाचा असतील तर तो बहुतेक साटाचा असतो, एकच खाच असेल तर बहुतेक एनव्हीएमई, पण काही एनव्हीएमई ड्राइव्हला पण दोन खाचा असतात म्हणून शेवटी डब्यावर एनव्हीएमई छापलंय का हेच बघायचं. काही कार्डांवर वरच्या बाजूला एनव्हीएमईची आणि खालच्या बाजूला साटा ड्राइव्हची जागा असते, त्यातल्या साटावाल्या जागेला बोर्डपासून वेगळी साटा केबल लावावीच लागते, ती जागा स्लॉटमधून फक्त वीज घेते.

लांबीसाठी २२८० घ्या, म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब, सगळ्या कार्डांवर बसते. ४.० चा ड्राइव्ह जुन्या स्लॉटमध्ये बिनबोभाट चालतो, फक्त स्लॉटच्या वेगाने, म्हणून सगळ्यात वेगवान मॉडेलवर पैसे घालवू नका. तेच पैसे टीएलसी (एका सेलमध्ये तीन बिट ठेवणाऱ्या) मेमरीच्या, पाच वर्षं वॉरंटीच्या ड्राइव्हवर घाला. क्यूएलसीवाले (एका सेलमध्ये चार बिटवाले) स्वस्त असतात, पण शंभर-दोनशे जीबी सलग कॉपी करायला घेतलं की कॅशे, म्हणजे आतली वेगवान तात्पुरती जागा, भरते आणि वेग धाडकन खाली येतो, व्हिडिओवाल्यांनी ते टाळावं. आणि बिल घ्या. न ऐकलेल्या नावाची दोन टीबीची एसएसडी अर्ध्या भावात मिळत असेल तर ती दोन टीबीची नसते.

बूट होणार का, हा खरा प्रश्न

नुसता डेटा ठेवायला ड्राइव्ह हवा असेल तर हा भाग सोडून पुढे जा, कारण विंडोज १० आणि आजचं कुठलंही लिनक्स एनव्हीएमई आपोआप ओळखतं. विंडोज ७ मध्ये मात्र मुळात ड्रायव्हरच नाही.

सिस्टिम त्यावरून चालू करायची असेल तर बायोसला एनव्हीएमई कळायला हवं. इंटेलच्या १०० सिरीजपासून पुढे, म्हणजे २०१५ नंतरच्या बोर्डांवर, हे सहसा असतंच. २०१४ च्या झेड९७, एच९७ वर बऱ्याच कंपन्यांनी बायोस अपडेटमधून दिलं. एएमडीचे एएम४ बोर्ड सगळे ठीक. अडचण आहे ती एच६१, बी७५, एच८१, बी८५, क्यू८७ वाल्यांची, बहुतेकांना हे कधी मिळालंच नाही. आधी कंपनीच्या साइटवर शेवटचा बायोस कुठला आहे आणि त्यात काय बदललं ते वाचा, असेल तर अपडेट करा, अपडेट चालू असताना लाइट जाणार नाही अशा वेळी किंवा यूपीएसवर करा.

नसेलच तर दोन रस्ते आहेत.

पहिला लिनक्सचा, आणि मला तोच जास्त पसंत आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या जनरेशनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, तेव्हा या मशीनवर मिंट किंवा उबंटू टाकायला तसंही चांगलं निमित्त आहे. जुना साटा डिस्क तसाच राहू द्या. इन्स्टॉल करताना पार्टिशन स्वतः ठरवायचा पर्याय निवडा, मिंटमध्ये तो समथिंग एल्स या नावाने असतो. ईएफआय पार्टिशन (मशीन सुरू करायच्या फायलींचा छोटा भाग) आणि एक जीबीचं बूट पार्टिशन साटा डिस्कवर ठेवा आणि रूट, म्हणजे सिस्टिमचा मुख्य भाग, एनव्हीएमईवर. साटा डिस्कवर तेवढी रिकामी जागा आधी करून ठेवा, आणि जुन्या डेटाच्या पार्टिशनसमोर फॉरमॅटची खूण नाहीये ना ते दोनदा बघा. बायोस साटावरून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उचलतो, कर्नलकडे स्वतःचा एनव्हीएमई ड्रायव्हर असतो, पुढे सगळं त्या नव्या ड्राइव्हवरून चालतं.

विंडोजला हीच युक्ती लागू पडत नाही, कारण विंडोजचा बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम, आपल्या फायली वाचायला बायोसवरच अवलंबून असतो, म्हणून ईएफआय पार्टिशन साटावर आणि विंडोज एनव्हीएमईवर असं केलं तरी गाडी अडते. तिथे क्लोव्हर नावाचा बूटलोडर लागतो. एक छोटा पेनड्राइव्ह घ्या, बूट डिस्क युटिलिटी नावाच्या मोफत टूलने त्यावर क्लोव्हर टाका, मग त्या पेनड्राइव्हवर ड्रायव्हर्स फोल्डरच्या आत ऑफ नावाचं फोल्डर असतं, त्यातली एनव्हीएम एक्सप्रेस डीएक्सई ही फाइल उचलून शेजारच्या यूईएफआय फोल्डरमध्ये आणि बायोस फोल्डरमध्ये, दोन्हीकडे कॉपी करा. इथेच बरेच जण चुकतात, फाइल पेनड्राइव्हवर असते पण ऑफ मध्येच राहते आणि मग ड्राइव्ह दिसत नाही म्हणून कार्डाला दोष देतात.

त्यानंतर बाकी सगळ्या डिस्कच्या साटा केबल काढून ठेवा, नाहीतर विंडोज आपल्या बूटच्या फायली हळूच जुन्या डिस्कवर नेऊन ठेवतं. क्लोव्हरच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू करा, त्याच्या मेनूतून विंडोजचा इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह निवडा, आणि एनव्हीएमईवर जीपीटी, म्हणजे डिस्कचे भाग मांडायच्या नव्या, पद्धतीने इन्स्टॉल करा. दर रीस्टार्टला परत क्लोव्हरमधूनच पुढे जायचं. सगळं झालं की क्लोव्हरच्या कॉन्फिग फाइलमध्ये डीफॉल्ट ड्राइव्ह आणि दोन-तीन सेकंदांचा टाइमआउट देऊन टाका म्हणजे रोज एंटर दाबत बसायला नको. तो पेनड्राइव्ह मागच्या पोर्टमध्ये कायमचा राहतो.

बायोसची फाइल खोलून त्यात एनव्हीएमईचा ड्रायव्हर घालायचीही एक पद्धत आहे आणि झाली तर ती सगळ्यात सुटसुटीत, पण चुकली तर बोर्ड मरतो आणि मग चिपवर क्लिप लावून प्रोग्रामर नावाच्या यंत्राने परत लिहावं लागतं. ज्या मशीनवर तुमचं रोजचं काम आहे त्यावर हे करू नका.

आता बसवायचं

पहिलं काम बॅकअप. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा.

मशीन बंद करा, पॉवर केबल काढा, नुसतं स्विच बंद करून भागत नाही, आणि मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. कॅबिनेट टेबलावर आडवं ठेवा. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावून मगच आतल्या भागांना हात लावायचा आणि काम करताना मधूनमधून परत लावायचा, नागपूरकडच्या कोरड्या थंडीत स्वेटर घालून बसला असाल तर हे जास्तच पाळा. स्लॉटमधली धूळ ब्लोअरने किंवा कोरड्या ब्रशने काढा.

आधी ड्राइव्ह कार्डवर बसवा, टेबलावर, कॅबिनेटच्या बाहेर. कार्डावर ४२, ६०, ८० अशा जागांना भोकं असतात, स्टँडऑफ म्हणजे तो छोटा पितळी खांब ८० च्या भोकात लावा. ड्राइव्ह कडेला धरून साधारण तीस अंशांनी तिरका सरकवा, सोनेरी पिना जवळजवळ पूर्ण आत गेल्या पाहिजेत. सोडल्यावर तो वर उचललेलाच राहतो, ते बरोबर आहे. मग बोटाने हळूच खाली दाबून धरा आणि स्क्रू लावा. हा स्क्रू दोन मिमीचा, तांदळाच्या दाण्याहून लहान, हातातून सुटला की कॅबिनेटमध्ये कुठे जातो सापडत नाही आणि बोर्डवर कुठेतरी अडकून शॉर्ट होऊ शकतो, म्हणूनच हे सगळं बाहेर करायचं. स्क्रू टेकला की थांबा, पिळू नका. कार्डसोबत हीटसिंक असेल तर थर्मल पॅडच्या दोन्ही बाजूंची पातळ प्लॅस्टिकची फिल्म काढा. ड्राइव्हवरचं स्टिकर मात्र काढायचं नाही, वॉरंटी जाते, पॅड त्याच्यावरूनच लावा.

मग कॅबिनेटची मागची पट्टी काढा, कार्ड स्लॉटवर सरळ धरा आणि दोन्ही अंगठ्यांनी सारखा जोर देऊन दाबा. पूर्ण बसलं की सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी होते. मागचा स्क्रू लावा. ग्राफिक्स कार्ड असेल तर ॲडॉप्टर त्याच्या पंख्याला चिकटून नको, शक्य असेल तर एक स्लॉट सोडून लावा.

चालू केल्यावर

बायोसच्या साटा डिस्कच्या यादीत हा ड्राइव्ह दिसणार नाही, जुन्या बोर्डवर तर कुठेच दिसणार नाही, घाबरू नका. विंडोज चालू करा, स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा, नवीन डिस्क इनिशियलाइज करायचं विचारेल, जीपीटी निवडा, मग काळ्या पट्टीवर राइट क्लिक करून न्यू सिंपल व्हॉल्यूम. माय कॉम्प्युटरमध्ये ड्राइव्ह दिसत नाही म्हणून परत करायला निघालेल्यांचं बहुतेक एवढंच राहिलेलं असतं. इथेही ड्राइव्ह नसेल तर मशीन बंद करून कार्ड काढा, पिना खोडरबरने हलकेच पुसा, रबराचा भुगा झटका आणि परत घट्ट बसवा, आणि काही बोर्डांवर चार लेनचा स्लॉट बायोसमध्ये एक्स१ वर ठेवलेला असतो तोही बघा.

जुनं विंडोज जसंच्या तसं हलवायचं असेल तर डिस्कची हुबेहूब नक्कल करणारं क्लोनझिला मोफत आहे. मूळ विंडोज यूईएफआय, म्हणजे बूटच्या नव्या, पद्धतीचं नसेल तर विंडोज १० मधल्या एमबीआर टू जीपीटी या टूलने आधी ते बदलून घ्या, बॅकअप असेल तरच. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना जुनी डिस्क काढलेली हवी. पहिल्याच बूटला निळी स्क्रीन आणि बूट डिव्हाइस सापडत नाही असं आलं तर एकदा सेफ मोडमध्ये जाऊन या, विंडोज एनव्हीएमईचा ड्रायव्हर तिथे लावून घेतं आणि पुढच्या वेळी नीट चालू होतं.

आता ड्राइव्हची माहिती दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो टाका. त्यात ट्रान्सफर मोडसमोर दोन आकडे असतात, पहिला आत्ता मिळणारा वेग आणि दुसरा ड्राइव्हला झेपणारा. पहिल्या आकड्यात पीसीआय एक्सप्रेस २.० एक्स४, किंवा ३.० च्या मुख्य स्लॉटमध्ये ३.० एक्स४, आलं तर या मशीनवर बरोबर आहे. एक्स१ किंवा एक्स२ दिसलं तर कार्ड नीट बसलेलं नाही किंवा स्लॉटमध्येच तेवढ्या लेन आहेत.

तिथेच तापमानही दिसतं. मोठी फाइल कॉपी करत असताना बघा, रिकामं बसलेलं असताना बघून काही कळत नाही. सत्तरच्या आत असेल तर निर्धास्त राहा. ऐंशीच्या आसपास गेलं की ड्राइव्ह स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. विदर्भात, खानदेशात मे महिन्यात खोलीच चाळीसच्या वर जाते आणि ती वाढ ड्राइव्हच्या तापमानात तशीच्या तशी उतरते, तिथे साधी ॲल्युमिनियमची हीटसिंक आणि कॅबिनेटला पुढून एक पंखा एवढं कराच.

काही जुन्या बोर्डांवर मशीन स्लीपमधून उठलं की ड्राइव्ह गायब होतो. पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये पीसीआय एक्सप्रेसखाली लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट ऑफ करा, सहसा तेवढ्याने भागतं, नाही भागलं तर स्लीप बंद ठेवून शटडाउन वापरा.

जुनी हार्ड डिस्क विकू नका, तिला बॅकअपला ठेवा. हार्ड डिस्क जाताना पुष्कळदा आधी कुरकुरते, वेळ देते, एसएसडी बऱ्याचदा एका सकाळी सरळ दिसायचीच बंद होते आणि मग आतलं काढणं फार महाग आणि पुष्कळदा अशक्य. आणि क्लोव्हरवरून बूट करत असाल तर तसाच दुसरा पेनड्राइव्ह आजच बनवा, त्यावरून एकदा मशीन चालू करून बघा आणि चिकटपट्टीने कॅबिनेटच्या आत लावून ठेवा.